बालवाडीचा दर्जा

वसईतल्या सांडोरसारख्या गावात तीन वर्षांच्या मुलापुढे दोन वाटा असतात: अंगणवाडी किंवा खासगी प्लेग्रुप. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या अंगणवाडीत वजन-उंची नोंदतात, आहाराचा हिशेब ठेवतात, पर्यवेक्षिका वह्या तपासते. मोजमाप होते ते मुलाचे, शिकवण्याचे फारसे नाही. नवल असे की याच पालघर जिल्ह्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षण आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेले होते. खासगी प्लेग्रुप आणखी मोकळे, कारण 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचा मुख्य रोख सहा ते चौदा वयोगटावर आहे. दर्जा जोखायला पालकांच्या हाती उरतात फी आणि गणवेश. याउलट ऑस्ट्रेलियात 2012पासून सात निकषांवर बालसंगोपन केंद्राचा दर्जा ठरतो. तो प्रवेशद्वारी लावणे बंधनकारक असते.