भाडे म्हणजे व्याज नव्हे

निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीचे काय करायचे, या प्रश्नाला मराठी घरात बहुधा एकच उत्तर मिळते : एखादा छोटा फ्लॅट घेऊन टाका, नाहीतर रस्त्यालगत एखादा गाळा. महिन्याच्या महिन्याला भाडे येईल, मूळ मालमत्ता कुठे जाणार नाही, आणि मुलांसाठीही काही मागे राहील. शेअर बाजाराची धास्ती आणि पतपेढ्यांचे अनुभव पाहता विटा-सिमेंट निदान डोळ्यांना दिसतात. या भावनेला मी नावे ठेवणार नाही. पण आमच्या सहकारी गृहरचना संस्थेचा सचिव म्हणून अशा अनेक लहान घरमालकांचे कागद माझ्या टेबलावरून गेले आहेत आणि ते पाहून माझे एक मत पक्के झाले आहे. माणसे मालमत्ता घेताना दहा वेळा विचार करतात. ती भाड्याने देताना एकदाही करत नाहीत. भाडे हे मुदतठेवीचे व्याज असावे तसे आपोआप जमा होईल, असे ते धरून चालतात. खरे तर तो एक लहानसा धंदा आहे. धंद्याला हिशेब लागतो, कागद लागतो आणि गिऱ्हाईक सांभाळावे लागते.

आधी हिशेब

समजा, साठ लाखांचा एक फ्लॅट आहे आणि त्याला पंधरा हजार रुपये भाडे येते. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार, म्हणजे तीन टक्के, असा हिशेब मालक चटकन सांगतो. पण सात टक्के मुद्रांक शुल्क आणि तीस हजार नोंदणी शुल्क धरले, तर खिशातून गेलेली रक्कम साडेचौसष्ट लाख होते. आता उत्पन्नाकडे पाहू. संस्थेचा देखभाल खर्च महिना अडीच हजार म्हणजे वर्षाला तीस हजार. मालमत्ता कर आठ हजार. रंग, नळ, गीझर यांची सरासरी बारा हजार. आणि एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले तर त्याचे पंधरा हजार. हाती उरले एक लाख पंधरा हजार. साडेचौसष्ट लाखांवर हे पावणेदोन टक्के झाले, आणि अजून प्राप्तिकर भरायचा आहे.

याचा अर्थ फ्लॅट घेऊच नये असा नाही. किंमत वाढेल या भरवशावर घेत असाल, तर तसे स्वतःशी कबूल करून घ्या. मात्र ‘भाड्यातून हप्ता निघेल’ हे वाक्य कुणी ऐकवले, तर कागद-पेन्सिल काढा. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी चाळीस लाखांचे कर्ज घेतले, तर हप्ता सुमारे चौतीस हजार सातशे रुपये बसतो. पंधरा हजारांचे भाडे त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. उरलेले जवळपास वीस हजार दरमहा कुणाच्या पगारातून किंवा पेन्शनमधून जाणार, हे घरातल्या सर्वांनी बसून आधी ठरवले पाहिजे.

अकरा महिन्यांची समजूत

कागदाच्या बाबतीत आपल्याकडे जी बेफिकिरी दिसते, तिच्यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला आधार हवाच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षे टिकला. चाळींचे भाडे चहाच्या खर्चाइतके उरले आणि मालकांनी दुरुस्तीतून हात काढून घेतला. काहींनी लीव्ह अँड लायसन्सची पळवाट शोधली, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या अशा परवानाधारकांनाही कायद्यात दुरुस्ती करून भाडेकरूचे संरक्षण देण्यात आले. ‘जागा दिली की गेली’ ही म्हण तेव्हापासून मुंबईकर मालकाच्या मनात घर करून बसली. त्यापेक्षा कुलूप बरे, असे अनेकांनी ठरवले. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालात एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचा उल्लेख आहे. घरांसाठी वणवण करणाऱ्या शहरातली ही स्थिती.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्याने चालू ठेवले, पण लीव्ह अँड लायसन्सवर राहायला दिलेल्या घराबाबत मालकाची बाजूही भक्कम केली. मुदत संपली की परवानाधारकाने जागा सोडायची; न सोडल्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यायची; आणि मालकाने दिवाणी न्यायालयात वर्षे न घालवता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. १९७३ ची भीती आता बाळगण्याचे कारण नाही. मात्र याची किल्ली एकाच गोष्टीत आहे : लेखी आणि नोंदणी केलेला करार.

नेमकी इथेच गफलत होते. ‘अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही’ ही समजूत इतकी रुजली आहे की सुशिक्षित माणसेही ती छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात ती साफ चुकीची आहे. कायद्याच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिक्षेपेक्षाही मोठा धोका दुसऱ्या वाक्यात आहे : नोंदणी नसेल, तर ज्या अटींवर जागा घेतली असे भाडेकरू म्हणेल, त्याच अटी मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत खऱ्या मानल्या जातात.

माझ्या माहितीतल्या डोंबिवलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना या वाक्याचा अर्थ पुरता कळला आहे. “अहो, ओळखीच्या माणसाकडून कसला कागद घ्यायचा?” असे म्हणत त्यांनी नोटरीच्या शिक्क्यावर भागवले. अनामत पन्नास हजार घेतली, तीही रोखीने. तिसऱ्या वर्षी जागा मागितली तेव्हा भाडेकरू म्हणाला, अनामत दोन लाख होती, ती द्या, मग जातो. सर दीड लाखासाठी भांडत नव्हते, खरेपणासाठी भांडत होते. पण कायद्याने पुराव्याचे ओझे त्यांच्याच डोक्यावर ठेवले होते. सुनेच्या बाळंतपणासाठी मोकळी हवी असलेली जागा बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत मिळाली नाही.

या नोंदणीला सरकारी खर्च येतो तो किती? मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, परत करायच्या अनामतीवर दहा टक्के दराने व्याज धरून त्याचीही त्यात भर, आणि शहरात हजार रुपये नोंदणी शुल्क. आपल्या पंधरा हजारांच्या फ्लॅटला सगळे मिळून दोन हजारांच्या आतच बसते. आता तर घरबसल्या आधार आणि अंगठ्याच्या ठशावर हे काम होते. जोडीला पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी आणि संस्थेला लेखी कळवून कराराची प्रत द्यावी. संस्थेनेही आपली पायरी ओळखावी. २००१ च्या शासन आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, तरी मनाला येईल तो आकडा लावणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत.

गाळ्याचे गणित वेगळे

दुकानाच्या गाळ्याचे भाडे घरापेक्षा चांगले येते, हे खरे. साठ लाखांच्या गाळ्याला तीस हजार मिळाले, तर वरवर सहा टक्के होतात. पण घर महिन्याभरात लागते, गाळा सहा महिनेही रिकामा राहू शकतो. तसे झाले की त्या वर्षी सहाचे तीनच टक्के उरतात. समोर उड्डाणपूल झाला, पार्किंग बंद झाले, रस्ता एकेरी झाला, की गिऱ्हाईक पलीकडच्या पदपथावर जाते. म्हणून गाळा घेण्याआधी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिथे जाऊन अर्धा-अर्धा तास उभे राहावे. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, मंजूर नकाशात ती जागा खरोखर दुकान म्हणून दाखवली आहे का, की वाहनतळाचाच गाळा झाला आहे, हे तपासावे. पाणी, स्वच्छतागृह आणि व्यापारी दराचे वीजमीटर यांची सोय पाहावी. शेजारचे किती गाळे बंद आहेत हे मोजावे. दलाल सांगणार नाही ते बंद शटर सांगतात.

कायद्यातला एक फरकही फार थोड्यांना ठाऊक असतो. सक्षम प्राधिकाऱ्याकडची ती झटपट वाट फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकान परवान्याने दिले आणि मुदतीनंतर सोडले नाही, तर मुंबईत लघुवाद न्यायालयाची आणि इतरत्र दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. त्यामुळे गाळ्याच्या करारात शब्द अधिक नेमके हवेत : भाडे दरवर्षी किती वाढणार, किमान किती महिने जागा सोडता येणार नाही, मालमत्ता कर आणि देखभाल कोण भरणार, पाटी कुठे लावायची, फर्निचर कोणाचे, पोटभाडेकरू किंवा नवा भागीदार चालेल का. बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण नाही. बँकेला गाळा मिळावा म्हणून मालक धडपडतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

कराबद्दल थोडक्यात. घर असो वा गाळा, मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या भाड्याच्या तीस टक्के सरसकट वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीची बिले वेगळी धरता येत नाहीत. वर्षाची एकूण उलाढाल वीस लाखांच्या आत असेल, तर गाळ्याच्या मालकाला वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागत नाही. पण भाडेकरू व्यापारी नोंदणीकृत असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक प्रसंगी तो कर त्यानेच थेट सरकारकडे भरायचा आहे. भाडे ठरवतानाच हे बोलून घ्यावे, नाहीतर पहिल्याच महिन्यात कुरबुर सुरू होते. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळणारी मालमत्ता करातली चाळीस टक्के सवलत घर भाड्याने दिल्यावर लागू होत नाही, हेही हिशेबात धरावे.

पलीकडच्या बाजूलाही माणूस आहे

कागद पक्का केला म्हणजे मनाचा दरवाजा बंद करायचा असे नाही. भाड्याची पावती देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि पाणी-वीज तोडून भाडेकरूला घालवणे हा गुन्हा आहे. अनामत वेळेवर, खोट्या रंगकामाच्या वजावटीशिवाय परत केली, तर जाणारा भाडेकरूच पुढचा चांगला भाडेकरू आणून देतो. नियमित भाडे देणाऱ्या कुटुंबाला आणखी हजार रुपयांसाठी घालवून दोन महिने जागा रिकामी ठेवणारा मालक तीस हजारांना मुकतो. ते भरून निघायला अडीच वर्षे लागतात. आणि आडनाव, धर्म, ताटातले अन्न किंवा एकटी राहणारी मुलगी एवढ्यावरून जागा नाकारणाऱ्यांनी, आपली मुले उद्या बंगळुरूत वा हैदराबादेत जागा शोधत फिरतील तेव्हा त्यांना काय ऐकावे लागेल, याचा विचार करावा.

शासनाकडेही एक मागणे आहे. झटपट निकालाची वाट छोट्या गाळ्यांनाही खुली करा, आणि सक्षम प्राधिकाऱ्यांची संख्या वाढवून ती वाट खरोखर झटपट ठेवा. कुलूपबंद घरे आणि उतरलेली शटरे उघडायची असतील, तर मालकाला जागा परत मिळण्याची आणि भाडेकरूला मुदतीपर्यंत निर्धास्त राहण्याची खात्री हवी.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करावे. ज्या घरात भाड्याने दिलेली जागा आहे, तिथे आज जेवणे झाल्यावर कपाटातला करार बाहेर काढावा. त्यावर नोंदणी क्रमांक आहे का, मुदत कधी संपते, अनामतीचा आकडा आणि ती कशी दिली हे लिहिले आहे का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. आणि हे सगळे घरातल्या दुसऱ्या माणसालाही समजावून सांगावे. कारण बहुतेक घरांत ही माहिती एकट्या गृहस्थाच्या डोक्यात असते, आणि तिची गरज पडते तेव्हा तो सांगायला असतोच असे नाही.