दिव्याचा डोळा लवतोय!

डोळा लवायला लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : उजवा की डावा? त्यावरून शुभ की अशुभ ते ठरतं. घरातला दिवा लवायला लागला की मात्र आपण एकही प्रश्न विचारत नाही. थेट दुकान गाठतो आणि नवा दिवा घेऊन येतो. तोही चार दिवसांनी लुकलुकायला लागला की कंपनीच्या नावानं बोटं मोडतो.

म्हणून या आठवड्याचा फंडा साधा आहे. दुरुस्त करायचं की बदलायचं, हे नंतर. आधी बघा, लवतोय कोण? एकच दिवा, एक खोली, अख्खं घर, की अख्खी आळी?

शहरातल्या फ्लॅटमध्ये हा प्रश्न वॉचमनकडून इलेक्ट्रिशियनचा नंबर घेऊन सुटतो. पण आपल्यापैकी अनेकांचं एक घर गावाकडे असतं आणि तिथे आई-बाबा, काका-आत्या एकटे असतात. माझी आत्या जव्हारला असते. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला, ‘‘अगं, लाइट सारखी डीम-फुल होतेय. दोन दिवे बदलून झाले. आता ती ट्यूबची पट्टीच काढून नवीन बसवू का?’’

जव्हार-मोखाडा म्हणजे पालघर जिल्ह्याचा डोंगरी कोपरा. दाभोशाचा धबधबा बघायला वीकएण्डला जाणाऱ्यांना तिथलं धुकं रोमँटिक वाटतं, वायरिंगला नाही वाटत. महिनोन् महिने ओल धरून राहिली की पितळी जोडांवर हिरवा थर चढतो, होल्डरमधली स्प्रिंग गंजते, ट्यूबच्या पट्टीत मुंग्या संसार थाटतात. विजेच्या तारा डोंगर-जंगलातून येतात, वाऱ्यात फांद्या घासतात. त्यात पाडे विखुरलेले. डीपीपासून लाइन जितकी लांब, तितकं शेवटच्या घराला व्होल्टेज कमी. नियमानं २३० व्होल्टपेक्षा ६ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. ते १८० च्या आसपास उतरलं की जुनी चोकवाली ट्यूब नुसती फडफडत बसते, पेटत नाही. अशा वेळी दोष ट्यूबचा नसतोच.

आत्याला मी तीन प्रश्न विचारले. दिवा डीम होतो तेव्हा पंखाही मंदावतो का? हो. मिक्सर लावला की जास्त होतं का? हो. शेजारी असं होतं का? नाही, त्यांची लाइट ठणठणीत. म्हणजे दिवे निर्दोष, आळीची लाइन निर्दोष. गडबड खांबावरून घरात येणाऱ्या वायरीत किंवा मेन बोर्डात. ‘‘आत्या, पट्टीला हात लावू नकोस. वायरमनला बोलव आणि आधी मेन बोर्ड उघडायला सांग.’’ बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता, भोवतालचं प्लास्टिक जळून काळं पडलेलं. ढिल्या जोडात ठिणग्या पडतात, तो तापतो आणि एखाद्या रात्री पेटही घेतो. आत्या नवी पट्टी बसवून मोकळी झाली असती, तर तो जोड तसाच तापत राहिला असता.

यातून मी माझ्यापुरता नियम केलाय : दिवा बदलावा, जोड दुरुस्त करावा.

एकच दिवा लवत असेल तर आधी मेन स्विच बंद करून तो काढा आणि दुसऱ्या खोलीत लावून बघा. तिथेही लुकलुकला तर दिवा गेला. एलईडीच्या पोटात ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट असतं. त्यातला कपॅसिटर उष्णतेनं सुकतो आणि दिवा दर काही सेकंदांनी बंद-चालू व्हायला लागतो. पत्र्याच्या छपराखाली, बंद झाकणाच्या फिटिंगमध्ये हे लवकर होतं. शंभराच्या आसपास मिळणारा बल्ब उघडून दुरुस्त करण्यात अर्थ नाही. फक्त बिल शोधा. अनेक दिव्यांवर वॉरंटी असते. दुसरीकडे दिवा नीट लागला, तर दोषी होल्डर किंवा स्विच. ते बदलणं स्वस्त आहे, पण वायरमनच्या हातून.

जुनी ट्यूब असेल तर तिची टोकं बघा. काळी पडली असतील तर तिचे दिवस भरले. टोकं नुसती लाल होऊन थांबत असतील तर आधी स्टार्टर बदला, काही रुपयांचं काम. पण चोक जळाला असेल तर त्यावर खर्च करू नका, एलईडीची पट्टी लावा. आणि जुनी ट्यूब फोडून उकिरड्यावर टाकू नका, आत पारा असतो.

स्विच बंद केल्यावरही एलईडी मंद मिणमिणत असेल, तर ते भूत नाही. कधी इंडिकेटरवाल्या स्विचमधून जाणारा किंचित करंट त्याला पुरतो. पण कधी स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेला असतो, आणि मग दिवा ‘बंद’ असतानाही होल्डरमध्ये करंट असतो. ओल्या हातानं बल्ब बदलणाऱ्यासाठी हे जिवावरचं आहे. अशा ठिकाणी दिवा बदलून भागत नाही, जोडणी सुधारायलाच हवी.

अख्खी आळी डीम होत असेल तर तुमच्या खिशाला हात घालायचं कारणच नाही. महावितरणकडे १९१२ वर तक्रार करा. आणि काही घरांत दिवे एकदम प्रखर, काहींत मंद, असं झालं तर मेन स्विच लगेच बंद करा. लाइनचा न्यूट्रल तुटल्याची ती खूण असू शकते आणि त्यात टीव्ही-फ्रिज जळतात.

मोखाड्याच्या पाड्यांवर आणखी एक गोष्ट असते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं कामासाठी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घर कित्येक महिने बंद. तेवढ्यात उंदरांनी वायर कुरतडलेली असते. मग पहिल्याच पावसात दिवा लुकलुकतो आणि दोष बल्बवर येतो. बंद घर उघडताना मेन स्विच टाकण्याआधी वायरींवरून एकदा नजर फिरवलेली बरी.

शेवटी खरेदी. गावच्या घरासाठी छतात बसणारी चकचकीत एलईडी पॅनल घेऊ नका. तिचा ड्रायव्हर गेला की तसाच ड्रायव्हर शोधत नाशिक गाठावं लागतं. जव्हारहून नाशिक साधारण ८० किलोमीटर. साधा खटक्याचा होल्डर लावा, म्हणजे जवळच्या बाजारात मिळणारा कुठलाही बल्ब त्यात बसतो. खोक्यावर व्होल्टेजची रेंज वाचा. १०० ते ३०० व्होल्ट लिहिलेला दिवा कमी व्होल्टेजमध्येही टिकून राहतो. आणि गणपतीला गावी जाल तेव्हा पेढ्यांबरोबर असे दोन दिवे न्या, पण एक सकाळ वायरमनसाठीही ठेवा. मेन बोर्डातले सगळे स्क्रू आवळून घ्यायला त्याला फार वेळ लागत नाही.