विषाला औषध म्हणताना

परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात वालूर नावाचे गाव आहे. तेथील जुनी बारव पाहण्यासाठी मी मध्यंतरी गेलो होतो. चक्राकार पायऱ्या गोल फिरत खाली पाण्यापर्यंत उतरतात. ही बारव गाळाने आणि केरकचऱ्याने बुजली होती. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली. सरकारची वाट न पाहता गावाने आपले पाणी परत मिळवले, याचे मला मोठे कौतुक वाटले.

परतताना रस्त्यालगतच्या पऱ्हाटीत एक मजूर फवारणी करताना दिसला. पाठीवर पंप, अंगात बनियन आणि तोंडाला पंचा. बांधावर रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या.

"काय मारताय, दादा?" मी विचारले.

"औषध मारायलो."

"हातमोजे नाहीत?"

तो हसला. "मालकानं पंप दिला. बाकीचं कोण देतंय?"

औषध! किती सहज आपण हा शब्द वापरतो. जे जीव वाचवते ते औषध. मग जे जीव घेण्यासाठीच तयार होते, त्याला हे नाव कोणी दिले?

भोपाळचा कारखाना सर्वांना आठवतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तेथून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. पण युनियन कार्बाईडच्या त्या कारखान्यात काय तयार होत असे, हे किती जणांना आठवते? कार्बारिल नावाचे कीटकनाशक, म्हणजे शेतावर मारायचे 'औषध'च! आपल्या देशात कार्बारिलवर बंदी आली ती २०१८ साली. मधे चौतीस वर्षे गेली.

त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कोणाची दृष्टी अंधुक झाली, कोणाला धड श्वास घेता येईना. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावरच येत होता. लगेच चर्चा सुरू झाली ती मजुरांच्या निष्काळजीपणाची. मास्क का नाही घातला? दोन औषधे एकत्र का केली?

आश्विनातल्या उन्हात, चिखलात उभे राहून, रबरी मोजे, चष्मा आणि अंगभर जाड कपडे घालून दिवसभर फवारणी करून दाखवावी, असे आव्हान मला या उपदेशकांना द्यावेसे वाटते. डब्यावर धोक्याचा रंगीत त्रिकोण असतो, बारीक अक्षरांत सूचनाही असतात. पण ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्यासाठी तो कागद कोरा आहे. तो कागद मजुराला वाचवत नाही. उद्या प्रश्न आलाच, तर कंपनीला वाचवतो.

यवतमाळचे लोक मात्र गप्प बसले नाहीत. २०२० साली एकावन्न बाधित कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंड सरकारच्या यंत्रणेकडे सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार गेली. मृतांपैकी दोघांच्या पत्नी आणि बचावलेला एक शेतकरी बाझेलच्या न्यायालयाच्या दारात गेले. आपल्या उत्पादनामुळे हे घडले, हे कंपनीला मान्य नाही. निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. पण ज्या डायफेन्थियुरॉनबद्दल हा वाद आहे, ते स्वित्झर्लंडच्या शेतात वापरण्यास परवानगी नाही, ही गोष्ट विसरता येत नाही. तिथल्या शेतकऱ्याला जे चालत नाही, ते आमच्या मजुराच्या पाठीवर कसे चालते?

कोणी म्हणेल, फवारले नाही तर बोंडअळी पीक खाईल, मग शेतकऱ्याने जगायचे कसे? प्रश्न खरा आहे. कर्ज काढून पेरणाऱ्याला नीतीचे पाठ देण्याचा मला अधिकार नाही. म्हणूनच जबाबदारी त्याच्या डोक्यावरून उचलून विकणाऱ्याच्या दारात ठेवायला हवी. ज्या उन्हात आणि ज्या मजुरीत आमचा माणूस राबतो, त्यात जे विष सुरक्षित वापरता येत नाही, ते येथे विकूच नये. विकायचे तर संरक्षणाची साधने त्याबरोबर द्यावीत आणि रिकामे डबे परत न्यावेत. मजूर आजारी पडला, तर त्याचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नसले तरी त्याला भरपाई मिळावी.

मला राहून राहून त्या बारवेची आठवण येते. गाळ डोळ्यांना दिसतो, म्हणून तो दहा हातांनी उपसता येतो. पाण्यात उतरलेले विष दिसत नाही आणि कितीही श्रमदान केले तरी ते उपसता येत नाही. ते उतरण्याआधीच अडवावे लागते. त्याची सुरुवात म्हणून निदान त्याला औषध म्हणणे तरी आपण थांबवू या.