अशक्तपणा, संकोच आणि ‘पुरुषत्वा’चे इंजेक्शन



गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत दारव्हा तालुक्यातील ६८ वर्षांचे एक शेतकरी मुलासह माझ्या दवाखान्यात आले. मुलाच्या हाती रक्ततपासणीचा अहवाल होता. त्यात टेस्टोस्टेरॉन कमी दाखवले होते. वडील थकतात, कोणाशी बोलत नाहीत, तेव्हा याचे इंजेक्शन द्यावे, अशी त्याची विनंती होती. रक्त घेतल्याची वेळ होती दुपारी साडेचार.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांच्या वृषणांत तयार होणारे संप्रेरक. त्याची पातळी सकाळी सर्वाधिक असते, दुपारनंतर उतरते आणि आजारपणातही खाली जाते. म्हणून सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी, निरनिराळ्या दोन दिवशी तपासल्याशिवाय ते कमी आहे, असे ठरवू नये. शिवाय वयपरत्वे ते हळूहळू घटतेच. केस पिकतात तसेच हे.

मुलाला बाहेर बसवून मी काकांशी बोललो. आठ महिन्यांपासून शौचावाटे रक्त जात होते. घरात कोणालाही ठाऊक नव्हते. “बायकांवानी काय कन्हत बसाचं, डॉक्टरसाहेब?” ते म्हणाले. हिमोग्लोबिन निघाले ७. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुर्बिणीने तपासणी झाली. सुदैवाने मूळव्याधच होती. ती गाठ आतड्याच्या कर्करोगाची असती, तर हे आठ महिने फार महाग पडले असते.

पुरुषाने दुखणे सांगू नये, ही आपली शिकवण आणि बसस्थानकाजवळच्या भिंतीवरील ‘मर्दानी कमजोरी’ची जाहिरात, या दोन्ही एकमेकींना पोसतात. अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. आता तीच भीती प्रयोगशाळेच्या अहवालातून, आकड्यांच्या रूपाने घरात येते.

टेस्टोस्टेरॉनची खरी कमतरता नसतेच असे नाही. वृषणांचा किंवा मेंदूतील पीयूष ग्रंथीचा आजार असल्यास उपचार जरूर करावेत. मात्र केवळ वाढत्या वयासाठी हे औषध मंजूर नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये दिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६५ वर्षांवरील पुरुषांच्या चाचण्यांत कामेच्छा काहीशी वाढली, परंतु थकव्यात अपेक्षित फरक पडला नाही. या औषधाने रक्त दाट होऊ शकते. प्रोस्टेटचा कर्करोग असल्यास ते सहसा टाळतात.

घरच्यांनी काय करावे? वडील थकत असतील, तर प्रथम हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घ्यावा. झोपेत ते मोठ्याने घोरतात का, श्वास अडतो का, हे पाहावे. दारू आणि खर्रा किती, हे न रागावता विचारावे. शेतीचे व्यवहार मुलांकडे गेल्यावर आलेला अबोलपणा नैराश्याचाही असू शकतो. आणि एक गोष्ट विसरू नये : छातीच्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गोळी चालू असताना लैंगिक शक्तीची गोळी घेतल्यास रक्तदाब एकाएकी घसरून प्राणावर बेतू शकते. कित्येक गृहस्थ ती चोरून घेतात, म्हणून डॉक्टरांनी हे एकांतात विचारलेच पाहिजे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना स्पष्ट उत्तरे दिली. त्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. आज असे प्रश्न विचारण्यास कोणाची आडकाठी नाही. आड येतो तो आपलाच संकोच.

काका आता लोहाच्या गोळ्या घेतात. हिमोग्लोबिन ११ वर आले आहे. इंजेक्शनाची आठवण मुलालाही राहिलेली नाही. आपल्या घरातील ज्येष्ठ पुरुषाला या आठवड्यात एकांतात इतकेच विचारा, “बाबा, काही सांगायचे राहिले आहे का?”