रात्रपाळीची दुसरी परिचारिका

आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरावा, सावंतवाडी आणि बांदा मागे टाकावे, की पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते आणि पेडणे तालुका सुरू होतो. करवीरातल्या कितीतरी जुन्या घराण्यांची कुलदैवते गोव्यात असल्याने हा रस्ता आपल्याला परका नाही. गेल्या पावसाळ्यात मी त्या वाटेने गेलो तो मात्र देवदर्शनाला नव्हे. माझी भाची पेडणे-डिचोली भागात एका रुग्णालयात परिचारिका आहे. रुग्णालयाचे नाव मुद्दामच देत नाही. पाठ धरल्यामुळे ती अंथरुणाला खिळली होती.

"काय झालं गं?" म्हणून विचारले तर म्हणाली, "पडलेल्या पेशंटला एकटीनं उचललं, मामा."

हकीगत साधीच आहे. रात्री दोघी कामावर. एका अडलेल्या बाळंतिणीला बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले, तिच्याबरोबर दुसरी परिचारिका गेली. बाहेर मुसळधार पाऊस. तेवढ्यात एक वयस्क गृहस्थ न्हाणीघरापाशी कोसळले आणि आणखी एकाच्या नातेवाइकांनी 'डॉक्टर कुठे?' म्हणून हिच्यावरच आवाज चढवला. नोंदवहीत मात्र त्या रात्री दोघी हजर!

खरी गोम आहे ती इथे. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक असा, की साध्या रुग्णालयात ५ खाटांमागे १ परिचारिका, म्हणजे प्रत्येक पाळीला १५ खाटांमागे एक. शिवाय रजेच्या सोयीसाठी ३० टक्के जादा. तीस खाटांना रात्री दोघी, हिशेब बिनचूक. पण बांबोळीची गाडी निघाली की पंधराच्या तीस होतात, हे त्या हिशेबात कुठे आहे? आणि काटकसर करायची म्हटली की पहिली कात्री लागते ती त्या जादा तीस टक्क्यांना. मग एखादीला बाळंतपणाची रजा हवी असली की बाकीच्या जणी डबल ड्यूटी करतात.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा आपण शाळेच्या पुस्तकापासून ओळखतो. क्रिमियाच्या युद्धाआधी, १८५३ साली, लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील लहानशा रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. तेव्हा तिने काय मागितले? वरच्या मजल्यावर नळाने गरम पाणी, जेवण वर चढवणारा पाळणा, आणि कोणत्या रुग्णाने बोलावले ते कळावे अशी घंटा. परिचारिकेचे पाय जिने चढण्यात झिजू नयेत, एवढाच हेतू. त्या दिव्याला आपण नमस्कार करतो, घंटेचा खर्च कोणी करायचा हे विचारीत नाही.

कपडे बदलायला कडी असलेली खोली हवी, असे भाची म्हणाली तेव्हा मला ते किरकोळ वाटले होते. मग आठवले, की २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएममध्ये काम संपवून तळघरात कपडे बदलायला गेलेल्या अरुणा शानबागवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. १८ मे २०१५ पर्यंत ती अंथरुणावर पडून होती आणि तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला सांभाळले. त्यानंतर कडीची मागणी किरकोळ म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

यात आपल्या घरांचाही भाग आहे. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि मुलींना व विधवांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा पांढरपेशांनी नाके मुरडली. आज नाक मुरडत नाही. 'सिस्टर म्हणजे देवीच हो' म्हणतो, आणि भेटीची वेळ टळून गेल्यावर चौघे मिळून वॉर्डात शिरतो. देवीला पाठदुखी होत नाही, हीच त्या स्तुतीतली सोय.

मला विचाराल तर मागणी एकच लावून धरावी: रुग्णाबरोबर कोणी बाहेर गेले तरी वॉर्डात दोघी उरल्याच पाहिजेत. त्यासाठी बरोबर जाणारी परिचारिका वेगळी नेमा, नाहीतर जवळ राहणारीला भत्ता देऊन बोलावणीवर ठेवा. वह्या भरण्याचे काम कारकुनाकडे जावे, रुग्णाला सरकवण्याची फळी यावी, सुईच्या जखमेवर रात्रीही तत्काळ उपचार मिळावा. ही कामे त्या मानाने स्वस्त आहेत. मुली मिळत नाहीत ही सबब मला पटत नाही. बांबोळीच्या परिचर्या संस्थेतून मुली शिकून बाहेर पडतातच. त्यांतल्या काही परदेशी जातात, त्या पगारासाठी जातात हे खरे. पण भाचीची एक मैत्रीण इंग्लंडहून लिहिते, की तिथे रुग्ण उचलायला यंत्र असते.

निघताना भाची कमरेचा पट्टा आवळीत होती. सोमवारपासून रात्रपाळी. "जोडीला कोणी आहे ना?" मी विचारले.

"आहे की मामा," ती म्हणाली, "बांबोळीची गाडी निघाली नाही तर!"