हजार वॅटचा खोका

देवळाली कॅम्पच्या बाजारातून वडिलांनी मोठ्या हौसेने स्पीकरचा जोड आणला. खोक्यावर ठळक अक्षरे: ‘१००० वॅट पीएमपीओ’. सोबतचा अडॅप्टर १२ व्होल्ट, १ अँपिअरचा. गुणाकार केला तर १२ वॅट! आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. क्षणभराच्या कल्पित उसळीचा आकडा छापला की झाले. सतत मिळणारी शक्ती कळते ती आरएमएसच्या आकड्यावरून. तो मात्र खोक्यावर शोधूनही सापडला नाही. माझ्या मते तो छापण्याची सक्तीच हवी. आवाज वाईट नाही, हेही कबूल केले पाहिजे. आमच्या एका खोलीला १२ वॅट पुष्कळ झाले. मग लबाडी कशाला?

वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने ‘हजार वॅट’ सांगतात. अडॅप्टरवरची अक्षरे मी अजून त्यांना वाचून दाखविलेली नाहीत.