प्रमाणपत्र हातात आहे, पण नाव कोणत्या नोंदवहीत?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांच्या तोंडाशी फलक लागतात. डीएमएलटी, एक्स-रे टेक्निशियन, ओटी टेक्निशियन, डायलिसिस; एका वर्षात कोर्स पूर्ण, नोकरीची शंभर टक्के हमी. नीटची तयारी परवडत नाही, इंजिनिअरिंग करून घरी बसलेला भाऊ डोळ्यांसमोर असतो. अशा घराला हा रस्ता जवळचा वाटतो आणि त्यात चूक काहीच नाही.

गेल्या वर्षी आमच्या अभ्यासिकेत एक मुलगी अशा कोर्सचे प्रमाणपत्र घेऊन आली. आईने बचत गटाचे कर्ज काढून फी भरली होती. वर्षभरात तिने रक्त काढायला शिकले ते वर्गमैत्रिणीच्या हातावर. रुग्णालयाचा वॉर्ड तिने पाहिलाच नव्हता. सरकारी भरतीचा अर्ज भरताना परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारला गेला, तेव्हा तिला पहिल्यांदा कळले की असे काही असते.

हा अनुभव एकटीचा नाही. आणि यापुढे ही चूक जास्त महाग पडणार आहे, कारण कायदा बदलला आहे.

मार्च २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा केला. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रेडिओलॉजी, भूल व शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ, डायलिसिस, फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री असे पन्नासहून अधिक व्यवसाय त्याने दहा गटांत बसवले. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र व राज्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत असे विद्यापीठांना बजावले.

या कायद्यातील दोन आकडे प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावेत. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणून ओळख हवी असेल तर पदविका किंवा पदवी किमान २,००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली हवी. आरोग्यसेवा व्यावसायिक व्हायचे तर पदवी किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची हवी. आता फलकावरच्या कोर्सचा हिशेब करा. रोज तीन तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तरी ९०० तास होतात. निम्मेसुद्धा नाहीत.

दुसरी गोष्ट डीएमएलटी करणाऱ्यांसाठी. आपल्या अनेक मुलांचे स्वप्न असते, गावात स्वतःची लॅब टाकायची. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तपासणी अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. तंत्रज्ञ तपासणी करील, पण अहवाल स्वतःच्या सहीने देऊ शकणार नाही. प्रवेश देताना हे कुणी सांगत नाही. लॅबचे भाडे आणि यंत्रांचे हप्ते सुरू झाल्यावर ते कळते.

मग हे शिक्षण घेऊ नये का? जरूर घ्यावे, पण योग्य ठिकाणी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत चालतो. तिथे शिक्षण रुग्णालयातच होते. पदविका घ्यायची असेल तर मंडळाची मान्यता, एकूण तास, कोणत्या रुग्णालयाशी लेखी करार आहे आणि महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का, हे लेखी मागा. महाडीबीटीवर त्या संस्थेचे आणि त्या अभ्यासक्रमाचे नाव शोधा. तिथे नाव नसेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही नाही. 'शिष्यवृत्ती आम्ही बघून घेऊ' या तोंडी शब्दावर पैसे भरू नका. शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिचा अर्ज वेळेत करा.

मात्र सगळा भार विद्यार्थ्याच्या सावधपणावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. रुग्णालयाची उतरंड एकदा नीट पाहा. झाडलोट, कचरा उचलणे, शवागारातले काम कोणत्या समाजातले लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले? त्या घरातली मुलगी मशीनसमोर उभी राहते तेव्हा जातीने ठरवलेली कामाची वाटणी मोडते. पण तिला दोन वर्षांऐवजी एका वर्षाचे बिनकामाचे कागद मिळाले तर ती पुन्हा त्याच उतरंडीच्या पायथ्याशी, कमी पगाराच्या 'मदतनीस' जागेवर येते. शिकूनही. शिवाय तपासण्यांची कामे बाह्ययंत्रणेकडे गेली की कायम पदे घटतात आणि पदांसोबत बिंदुनामावलीही निघून जाते. म्हणून शासकीय महाविद्यालयांत या अभ्यासक्रमांच्या जागा वाढवणे आणि तंत्रज्ञांची रिक्त पदे कायमस्वरूपी भरणे, या आपल्या चळवळीच्या मागण्या झाल्या पाहिजेत.

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. नुसत्या साक्षरतेवर ते थांबले नाहीत. ज्या शिक्षणाने हातात अधिकार येतो ते शिक्षण त्यांना हवे होते.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूकडे कुणी लक्ष देत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ अंथरुणावर निजवले. रुग्णसेवा हे आपल्या धम्मात कधीच हलके काम नव्हते. ते करणाऱ्याला ज्ञान, नोंदणी आणि सन्मान मिळावा एवढेच मागणे आहे.

या प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक विहारात एक रविवार ठेवा. वंदनेनंतर दोन शिकलेली मुले मोबाइल घेऊन बसू द्या आणि येणाऱ्या प्रत्येक पालकाच्या हातातले माहितीपत्रक परिषदेच्या व महाडीबीटीच्या यादीशी ताडून पाहू द्या. एका घराचे कर्ज वाचले तरी तो रविवार सार्थकी लागला.

जय भीम.